कोरीव पूल आणि शुभ सकाळ

भिंगकाकांची जगाकडून एकच अपेक्षा होती. त्यांच्यासमोर कुणी पोस्टाच्या तिकिटाला ‘चिकटवायचा कागद’ म्हणू नये. जगाला एवढंही झेपत नसे.

पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी भिंग आलं आणि त्या दिवसापासून सगळी सोसायटी त्यांना भिंगकाका म्हणायला लागली. त्यातही त्यांना सरसकट सगळी तिकिटं चालत नसत. फक्त कोरीव. म्हणजे पोलादाच्या छोट्याशा ठोकळ्यावर कारागिरानं हातानं एकेक रेघ कोरायची, त्या रेघांत शाई भरायची आणि कागद दाबून चित्र उचलायचं, तशी. अशा तिकिटावरून बोट फिरवलं तर रेघ बोटाला लागते, असं काका सांगत. घरी आलेल्या प्रत्येकाला ते बोट फिरवून बघायचा आग्रह करत, आणि बोट तिकिटापर्यंत पोचायच्या आत “हात धुतलेत का?” म्हणून ओरडत. त्यामुळे आजवर एकाही पाहुण्याला रेघ लागलेली नव्हती.

ह्या कोरीव तिकिटांवर एक साईट होती. कुठल्याशा दूरच्या गावातल्या एका आजोबांनी ती एकट्यानं उभी केली होती. प्रत्येक तिकिटाला एक पान. पानावर तिकीट ताटाएवढं मोठं करून दाखवलेलं, आणि खाली ते कुणी कोरलं त्याचं नाव. आता हे नाव म्हणजे साधी गोष्ट नव्हे. तिकिटावर देशाचं नाव असतं, किंमत असते, राजाचं तर नाकसुद्धा असतं, पण ते नाक ज्यानं कोरलं त्याचा पत्ता नसतो. आजोबांनी जुन्या छापखान्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना गाठून, विचारून विचारून ही नावं गोळा केली होती.

त्यातलं पुलाच्या तिकिटाचं पान भिंगकाकांच्या घरचं होतं. नदीवरचा कमानींचा पूल, पुलावर एक बैलगाडी, आणि खाली ‘कोरणारा’ ह्या शब्दापुढे काकांच्या सासऱ्यांचं नाव, आडनावासकट. सासरे सरकारी छापखान्यात तिकिटं कोरायचे. ते जाऊन खूप वर्षं झाली होती. सासूबाई आता लेकीजावयाकडेच राहत, आणि “आमच्या ह्यांनी पुलाचं तिकीट कोरलंय” असं भेटेल त्याला सांगत. लोक म्हणत, “हो का? छापखान्यात होते का?” आणि मग गुडघ्यांची चौकशी करत. सरकारी कागदात सासऱ्यांची नोंद नुसती ‘कर्मचारी’ अशी होती. अख्ख्या जगात त्यांच्या नावाचा एकच पुरावा होता, आणि तो ह्या साईटवर होता.

एका सकाळी त्या साईटच्या माथ्यावर ओळ आली. ‘महिनाअखेरीस ही साईट बंद होईल. आजवर भेट देणाऱ्या सर्वांचे आभार.’

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी ताबडतोब आजोबांना मेल केला. उत्तर आलं, की डोळे गेले आहेत, मुलांना ह्यात गोडी नाही, घरचा कॉम्प्युटर केव्हाच मेला, आणि साईट ज्या कंपनीच्या मशीनवर आहे ती कंपनी सगळं पुसून टाकणार आहे. शेवटी लिहिलं होतं, ‘जमेल तेवढं तुम्ही घ्या.’ ते वाक्य काकांनी दोनदा वाचलं. पण काकांना नुसतं वाईट वाटून घेता येत नसे. त्यांना लगेच जबाबदारी वाटायला लागे, आणि मग घराची धडगत नसे.

“जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या, “मला ते पान कागदावर काढून द्या. मोठं. त्या पडद्यावर नुसता उजेड दिसतो मला, नाव काही दिसत नाही. ही वाचून दाखवते तेवढंच. ते पान गेलं की मी परत नुसती सांगणारी म्हातारी.”

“आई, पान जाणार नाही,” काका म्हणाले. “शब्द देतो.”

स्वयंपाकघरातून काकूंनी मान बाहेर काढून एकदा नवऱ्याकडे बघितलं. नवरा शब्द द्यायला लागला की त्या आधी गॅस बंद करत.

काका त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. “चांगल्या जाड कागदावर काढा,” असं बजावून ते तिथल्या स्टुलावर बसले. झेरॉक्सवाल्याकडे तेव्हा कुठल्याशा शाळेच्या खेळांच्या टी-शर्टांचं मोठं काम चाललं होतं. टी-शर्टवर चित्र दाबायचं तर ते कागदावर आधी उलटं छापावं लागतं, आरशात दिसतं तसं. मशीन त्या कामाला लावून ठेवलेलं. पान आलं ते उलटंच आलं. डावीकडून उजवीकडे चाललेली बैलगाडी उजवीकडून डावीकडे निघाली होती, आणि सासऱ्यांच्या नावाकडे बघून ते कुठल्या लिपीतलं आहे हेही कळत नव्हतं.

“हे काय?” काका म्हणाले.

“उलटं आलं,” झेरॉक्सवाला म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख नव्हतं.

“ते दिसतंय मला! सुलटं काढा.”

“काका, दोन दिवस थांबा. आत्ता सेटिंग बदललं तर पोरांच्या छातीवर शाळेचं नाव उलटं येईल.”

“म्हणजे माझे सासरे उलटे गेले तरी चालतील?”

दुकानातल्या दोनचार गिऱ्हाइकांनी वळून बघितलं. काकांना आपलं वाक्य नीट पडलं नाही हे कळलं, पण माघार घेणं रक्तात नव्हतं. “तुमच्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही,” असं म्हणून ते उतरले. दुकानाला पायरी नव्हती, तरी उतरले.

घरी येऊन त्यांनी तो कागद काकूंच्या हातात दिला. “आईंना दाखवू नकोस. त्यांच्या माणसाची थट्टा वाटेल.” काकूंनी कागद उलटसुलट करून बघितला. कागद खरंच जाड, गुळगुळीत, टिकाऊ होता. काकू चांगला कागद फुकट घालवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी तो छापील बाजू खाली करून चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये अंथरला, वर चमचे लावले, आणि विषय संपला.

विषय संपायला हवा होता. पण जिन्यात काकांना वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर भेटले. हे गृहस्थ जन्मभर सांडपाण्याच्या नळांचे इंजिनिअर होते. पण सोसायटीत ‘इंजिनिअर’ म्हटलं की लिफ्टपासून लॅपटॉपपर्यंत सगळं त्यांना विचारायचं अशी पद्धत पडली होती, आणि नाही म्हणून मन मोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

“एक पान काय छापत बसता?” इंजिनिअर म्हणाले. “अख्खी साईट उचला!”

“उचलता येते?”

“सोप्पं आहे. वर पत्ता दिसतो ना, त्याच्या शेजारी छोटं चित्र असतं. ते माउसनं धरायचं आणि ओढत खाली आणून टाकायचं. आलं पान तुमच्या कॉम्प्युटरमध्ये.”

काकांनी करून बघितलं. खरंच, पुलाचं पान ओढलं तर खाली एक छोटं चित्र येऊन बसलं, त्याखाली पुलाचं नाव. त्यावर टिचकी मारली तर अख्खं पान उघडलं. काकांनी इंजिनिअरना मिठी मारायचीच काय ती बाकी ठेवली होती.

त्यानंतरचे दिवस काका लॅपटॉपवरून उठले नाहीत. ओढ, टाक. ओढ, टाक. राजे ओढले, जहाजं ओढली, एक मोठं घुबड ओढलं. खात्यात जन्म फायली लावण्यात गेलेला, त्यामुळे देशवार फोल्डर झाले, त्यात कारागिरांचे फोल्डर झाले, आणि ज्यांचा कारागीर ठाऊक नव्हता त्यांचा ‘प्रलंबित’ असा फोल्डर झाला. प्रत्येक चित्रावर टिचकी मारून ते खात्री करत. प्रत्येक वेळी पान उघडे. उघडणारच. साईट अजून चालू होती.

ह्या सगळ्यात काकूंचा काही सहभाग नाही, ही काकांची मोठी तक्रार होती. “तुझे वडील कोरायचे, आणि तुला एका रेघेचं कौतुक नाही! सकाळी उठून ते शुभ सकाळचे गुलाब पाठवायला मात्र वेळ आहे.” काकू सात फॅमिली ग्रुपवर रोज शुभ सकाळ पाठवत. काकांना त्या प्रकाराचा मनापासून तिटकारा होता. माणसाला सकाळ झाल्याचं सूर्यानं सांगितलेलं पुरे असतं, असं त्यांचं मत होतं. एकदा काकूंचा फोन अडकायला लागला, तेव्हा काकांनी स्वतः तो हातात घेतला आणि सगळी चित्रं निर्दयपणे पुसून टाकली. “कचरा नुसता!” म्हणाले. काकू काहीतरी सांगणार होत्या. पण मग म्हणाल्या, “असू दे.” लग्नाला इतकी वर्षं झाली की काय सांगायचं आणि काय आपोआप कळेल ह्याचा अंदाज येतो.

साईट जमा झाली. आता ती कुठेतरी सरकारी शिक्क्यानिशी जपली जावी, म्हणून काका ती पेन ड्राइव्हवर घेऊन सार्वजनिक ग्रंथालयाच्या जतन विभागात गेले. तिथल्या बाईंनी पेन ड्राइव्हकडे चष्म्यावरून बघितलं.

“पुस्तक आहे का नियतकालिक?”

“साईट आहे.”

“साईट असा रकाना नाही. उंची किती?”

“कशाची?”

“जतन करायच्या वस्तूची. उंची, रुंदी, पृष्ठसंख्या आणि वाळवी लागली आहे का.”

खात्यात आयुष्यभर काकांनी लोकांना असेच प्रश्न विचारले होते. हे प्रश्न टेबलाच्या ह्या बाजूनं इतके विचित्र ऐकू येतात हे त्यांना आजच कळत होतं. त्यांनी मुकाट्यानं बाईंच्या पट्टीनं पेन ड्राइव्ह मोजला. वाळवी नाही असं लेखी दिलं. मग बाई म्हणाल्या, की एखाद्या मान्यवर संस्थेच्या हस्ते, समारंभपूर्वक दिलं तर ‘देणगी’ ह्या रकान्यात घेता येईल.

मान्यवर संस्था म्हणजे तिकिटं जमवणाऱ्यांचं मंडळ. मंडळाच्या अध्यक्षांना समारंभ म्हटलं की तरतरी येत असे. त्यांनी ग्रंथालयाचं सभागृह घेतलं, मोठा पडदा लावला, पुष्पगुच्छ सांगितला आणि काकांना भाषण लिहून आणायला सांगितलं. ह्यात महिना सरला, आणि साईट ठरल्याप्रमाणे बंद पडली. काकांनी त्या दिवशी मोठ्या मनानं सुस्कारा टाकला. तिकडे दिवा विझला तरी इकडे आपण उजेड राखला आहे, असं वाक्यही त्यांनी भाषणात घातलं.

समारंभाला अख्खी सोसायटी आली होती. सासूबाई पहिल्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून. अध्यक्षांनी काकांना इतकं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की काकांना खालचं माणूस दिसेना. मग काकांनी पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर फोल्डर आले. टाळ्या झाल्या. काकांनी घसा साफ करून राजाच्या चित्रावर टिचकी मारली.

पडदा पांढरा झाला. मधोमध बारीक अक्षरं आली. ‘हे पान उपलब्ध नाही.’

“राजे लोक वेळ लावतात,” काका म्हणाले. सभागृह हसलं. त्यांनी जहाज उघडलं. हे पान उपलब्ध नाही. घुबड उघडलं. घुबडही उपलब्ध नव्हतं. “दुसऱ्या फोल्डरमधलं बघा,” इंजिनिअर मागून म्हणाले. त्यांचा आवाज आता खाली आला होता. काकांनी ‘प्रलंबित’ उघडला. तिथे निदान काही अपेक्षा नव्हती, आणि तीही पुरी झाली.

शेवटी अध्यक्षांच्या पुतण्याच्या बायकोनं, जी बँकेत कॉम्प्युटरवरच बसायची, हळूच येऊन सांगितलं, “काका, ही पानं नाहीत. हे नुसते पत्ते आहेत. तुम्ही घरं उचललीच नाहीत, दारावरच्या पाट्या तेवढ्या गोळा केल्यात.”

एवढ्यात पहिल्या रांगेतून सासूबाईंचा आवाज आला. त्यांना कमी ऐकू येई, त्यामुळे त्या मोठ्यानं बोलत.

“जावईबापू, ह्यांचं कधी येणार?”

काकांना वाटलं, ह्यापेक्षा कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन काका भिंतीकडे तोंड करून पडले. सांत्वनाला माणसं येत राहिली. एक शेजारी म्हणाले, त्यांच्या साडूचा तर अख्खा कॉम्प्युटरच चोरीला गेला होता. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, ग्रंथालयाला दिलेला वाळवी नसल्याचा दाखला मात्र अगदी खरा ठरला. इंजिनिअर आले, पण आत न येता दाराशीच चपलांकडे बघत उभे राहिले. काकांनी चहासुद्धा नको म्हटला, तेव्हा काकूंना प्रकरण गंभीर आहे हे पटलं. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या.

“अहो, ऐका. ती पानं आहेत.”

“कुठे?”

“विहीणबाईंकडे. मावशीकडे. आत्याच्या फोनमध्ये तर नक्की असतील.”

काकांना वाटलं, बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला. पण हळूहळू उलगडा झाला. गेली कित्येक वर्षं रोज सकाळी काका अंघोळीला गेले की काकू उघड्या लॅपटॉपवरच्या पानाचा फोनवर फोटो काढत, त्यावर एखादा गुलाब नाहीतर पोपट आणि ‘शुभ सकाळ’ डकवत आणि सातही ग्रुपवर सोडून देत. “किती दिवस तीच ती फुलं पाठवायची? ही चित्रं छान होती. माझ्या फोनमधली तुम्ही पुसलीत. पण आमच्या माणसांना पुसता येत नाही काही.”

काका ताडकन उठून बसले. ज्या कचऱ्यावर ते इतकी वर्षं डाफरत होते, तो कचरा नातेवाइकांच्या फोनमध्ये सुखरूप होता.

मग फोनाफोनी सुरू झाली. विहीणबाई म्हणाल्या, देते, पण आधी माझ्या वाढदिवसाला फोन का नाही केलात ते सांगा. मावशीनं तिकिटांबरोबर आजवरच्या सगळ्या शुभेच्छा पाठवल्या, त्यात स्वतःच्या बारशापासूनचे फोटो आले. आत्याच्या यजमानांनी निरोप ठेवला, “आम्ही रोज बघायचो. आम्हाला वाटलं, पेन्शनीचं काहीतरी आहे, म्हणून ठेवलं.” पान पान परत यायला लागलं. फक्त प्रत्येक पानावर गुलाब नाहीतर पोपट होता, आणि तो नेमका महत्त्वाच्या मजकुरावर बसलेला. सुदैवानं काकूंनी सासरच्या ग्रुपवर गुलाब लावला होता तर माहेरच्या ग्रुपवर पोपट, आणि दोघांच्या जागा वेगळ्या होत्या. काकांनी भिंग काढलं. गुलाबाच्या प्रतीत जे झाकलं होतं ते पोपटाच्या प्रतीत दिसे, आणि पोपटाच्या शेपटीखालचं गुलाबाच्या प्रतीत मिळे. विद्वान लोक जुन्या पोथ्या अशाच ताडून बघतात, असं ते काकूंना गंभीरपणे सांगायला लागले. राजे मिळाले, जहाजं मिळाली, घुबडाच्या कपाळावर ‘आपला दिवस आनंदात जावो’ होतं, तरी घुबड मिळालं.

पूल मिळेना.

“पुलाचं कुठल्या ग्रुपवर टाकलंस?” काकांनी विचारलं.

काकू म्हणाल्या, “नाही टाकलं. रोज काढायचे, आज टाकू म्हणायचे. पण बाबांच्या पुलावर गुलाब डकवायला हात धजेना. आणि मग मावशी त्याखाली ‘छान’ लिहून दुसरं काहीतरी बघायला जाणार. फोटो तसाच ठेवला होता, फोनमध्ये.”

“आणि तो मी...”

“हो.”

काकांना त्या क्षणी स्वतःचा इतका राग आला की त्यांनी भिंग मिटून खिशात ठेवलं. सगळ्या जगाचे पूल, राजे, घुबडं घरात होती आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप केला तेवढंच पान नव्हतं. आता सासूबाईंना काय सांगायचं, हा विचार त्यांच्या डोक्यातून हलेना. ते दिवसभर त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जात आणि परत येत.

संध्याकाळी सासूबाईंनी औषधासाठी चमचा मागितला. “मी देतो,” काका म्हणाले. सांगायचं असेल तर हातात निदान काहीतरी असावं. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन ड्रॉवर ओढला. रागानं ओढलेला ड्रॉवर पूर्णच बाहेर आला आणि चमचे, डाव, चिमटे सगळीकडे उधळले. आवाज ऐकून काकू धावत आल्या, मागून भिंतीला धरत सासूबाई. जमिनीवर चमच्यांच्या ढिगात जाड कागद पडला होता, छापील बाजू वर.

“अगंबाई!” काकू म्हणाल्या. “हा!”

काकांनी कागद झडप घालून उचलला. तोच तो, झेरॉक्सवाल्याचा. उलटा पूल, उलटी बैलगाडी, उलटं नाव. पण सगळं शाबूत. “आरसा!” काका ओरडले. “आई, थांबा, एक मिनिट, हे उलटं आलंय, मी आरशात दाखवतो. अगं, आरसा आण!”

“आरसा कशाला?” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी कागद घेतला, स्टुलावर बसल्या आणि हात पुढे केला. काकांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी आयुष्यात कधी कुणाच्या हाती न दिलेलं भिंग काढून सासूबाईंना दिलं. हात धुतलेत का, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग बोट टेकवून त्यांनी ते उलटं नाव सरळ वाचलं. अडखळल्या नाहीत.

“आई, तुला वाचता येतंय?” काकू म्हणाल्या.

“न यायला काय झालं? ठोकळ्यावर सगळं उलटंच कोरावं लागतं, तेव्हा तिकीट सुलटं येतं. हे घरी तांब्याच्या पत्र्यावर सराव करायचे. हा पूल मी माझ्या डोळ्यांदेखत होताना बघितला, असाच, बैलगाडी इकडून तिकडे.” त्या हसल्या. “उलटी अक्षरं ह्यांनीच शिकवली मला. स्वयंपाकघरातल्या दुधाचा हिशेब मांडायच्या पाटीवर लिहून जायचे काहीबाही, आज ही साडी छान दिसते, असलं. माझ्या सासूबाईंना वाटायचं, पोराला लिहिता येईनासं झालं.”

काकू डोळ्यांना पदर लावून हसत होत्या का रडत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“तिकीट छापून आलं ना,” सासूबाई म्हणाल्या, “तेव्हा मला ते परकंच वाटलं. म्हटलं, हा कुणाचा पूल? आमचा हा. जावईबापू, अगदी बरोब्बर काढून आणलंत तुम्ही.”

भिंगकाकांनी आयुष्यात प्रथमच एखादं कौतुक दुरुस्त न करता तसंच घेतलं. मग ते चमचे गोळा करायला बसले, कारण वर बघायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते झेरॉक्सवाल्याच्या नसलेल्या पायरीवर जाऊन त्याचे आभार मानून आले. तो घाबरून दोन पावलं मागे सरला. कागदाला चौकट करून तो सासूबाईंच्या पलंगासमोर लावला. आणि त्या सकाळी सातही ग्रुपवर काकूंच्या फोनवरून एक फोटो गेला. गुलाब नाही, पोपट नाही. पाठवणारे होते भिंगकाका. खाली त्यांनी चष्मा सावरत, एका बोटानं, जन्मात पहिल्यांदाच ‘शुभ सकाळ’ लिहिलं.

लगेच मावशीचं उत्तर आलं. ‘छान. पण उलटं आलंय.’

काकांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, ‘नाही. तुम्ही पलीकडून बघताय.’